दोघांना मिळून एक गाईड

आमच्या ट्रॉयमध्ये चढ म्हणून नाही. मिशिगनचा हा सगळा भाग पोळपाटासारखा सपाट, उंच जायचं म्हटलं तर मॉलच्या पार्किंगचा वरचा मजला. मग मी तिथेच जायला लागले. ऐन थंडीत, मॉल उघडायच्या आधी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बासमतीची मोठी पिशवी, आणि पार्किंगचे जिने वर-खाली, वर-खाली. एकदा तिथल्या सिक्युरिटीवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "मॅम, आर यू ऑलराइट?" मी म्हटलं, डोंगर चढायची तयारी करतेय. त्याने चारी बाजूंना पाहिलं. डोंगर कुठेय ते त्या बिचाऱ्याला कळेना.

डोंगर होता तिकडे दक्षिण अमेरिकेत, अँडीजमध्ये, क्वीटो शहराच्या डोक्यावर. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हाला ही ट्रिप भेट दिली होती. मुलगी तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि तिकडे सुट्टी मिळाली की डोंगरात पळते. तिने सगळं तिकडूनच बुक केलं. आधी शहरात राहून विरळ हवेची सवय करायची, मग एक दिवसाचा गाईडेड ट्रेक. केबल कार पुष्कळ उंचावर नेऊन सोडते, तिथून पुढे पायी शिखरापर्यंत. दोरबीर काही नाही. शेवटी थोडे खडक हाताने धरून चढायचे, एवढंच.

मला ते शिखर हवं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही, हवंच होतं. माझ्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजत आलीय. डॉक्टर म्हणाले होते, काय हौसमौज करायची ती यंदा करून घ्या, पुढे गुडघा बदलावा लागेल आणि मग असले डोंगर विसरा. म्हणजे हे पहिलं आणि शेवटचंच. नाशिकला कॉलेजात होते तेव्हा रविवार घरात काढला नाही मी, कुठला ना कुठला किल्ला असायचाच. मग लग्न झालं आणि डिपेंडंट व्हिसावर इथे आले. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. कुणी माझा छळ केला असं मी म्हणणार नाही. पण माझं म्हणून काही सुरू केलं की मध्येच कुणाचं तरी काहीतरी निघायचं आणि मी परत फिरायचे. कॉलेजात दोनदा नाव घातलं. एकदा नवऱ्याची कंपनी बदलली, एकदा सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. शेवटी फार्मसीत टेक्निशियनचं काम धरलं, ते आजतागायत. ते शिखर चढून माझ्या पगारात वाढ होणार नव्हती की अंगावर मूठभर मांस चढणार नव्हतं. पण एक गोष्ट तरी सुरू केल्यावर शेवटापर्यंत न्यायची होती.

नवऱ्याची तयारी म्हणाल तर आनंदच. तो गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि स्वतः सीटवरून उठत नाही. इथल्या मराठी पुरुषांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज कोण किती पावलं चालला ते तिथे टाकतात. आमचे साहेब सोफ्यावर क्रिकेट बघत घड्याळ बांधलेला हात हलवतात आणि पावलं वाढवतात! मी म्हटलं, अरे, थोडा तरी चाल, उंचीवर दम लागतो. तर म्हणे, "मला सांगतेस? मी कळसूबाई चढलोय." चढला होता, विसाव्या वर्षी एकदा. त्यानंतर आठवडाभर पायाला फोड घेऊन घरी झोपून होता, हे मला त्याच्याच आईने सांगितलंय.

डॉक्टरकडून उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या लिहून आणल्या होत्या, दोघांसाठी. मी रोज घेतल्या. याने एक घेतली, रात्रीतून सारखं बाथरूमला जावं लागलं आणि बोटांना मुंग्या आल्या, तर म्हणे, "नको तुझी ती औषधं, चांगल्या माणसाला आजारी पाडशील." फार्मसीत मी दिवसभर हेच समजावते लोकांना. तिथले लोक ऐकतात.

ट्रेकच्या आदल्या दिवशी गाईड हॉटेलवर आली. चाळिशीची बाई, रापलेला चेहरा, इंग्लिश अगदी स्वच्छ. तिने आमचे बूट उलटे करून तळवे बघितले, जॅकेटं बघितली आणि म्हणाली, एक नियम आधीच सांगते. दोघांना मिळून मी एक गाईड. डोंगरावर कुणालाही एकटं सोडत नाही. एकाला परत फिरावं लागलं तर तिघांनीही फिरायचं. वेगवेगळं जायची वेळ येईल असं वाटत असेल तर आत्ता सांगा, उद्यासाठी दुसरा गाईड बोलावते.

मी तोंड उघडणार तोवर नवरा हसून म्हणाला, "नो, नो. थर्टी इयर्स वी आर टुगेदर." मग माझ्याकडे वळून मराठीत, "दुसरा गाईड कशाला? आपण काय वेगळे जाणार आहोत?"

मी गप्प बसले. लग्नाच्या वाढदिवसाच्या ट्रिपवर बायको म्हणतेय, मला वेगळा गाईड द्या! कसं दिसलं असतं ते?

सकाळी निघालो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. केबल कारमधून उतरलो तर समोर गुडघाभर पिवळं गवत, त्यातून गेलेली मळलेली वाट, आणि वाटेच्या शेवटी ते काळं, दातेरी टोक. सगळं एका नजरेत दिसत होतं. गाईड म्हणाली, गोगलगाईसारखं चाला, बोलता बोलता चालता आलं पाहिजे, दम लागला म्हणजे तुम्ही जास्त वेगाने चालताय. मी तिच्या मागे तिच्याच पावलावर पाऊल टाकत निघाले. छातीत धडधडत होतं, पण पाय ऐकत होते. गुडघासुद्धा शहाण्यासारखा वागत होता. कित्येक वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू!

नवरा आमच्या पुढे. गाईडने दोनदा हाक मारली, "स्लो, सर." तर हा घड्याळ दाखवून म्हणतो, "हार्ट रेट इज फाइन." मध्येच थांबून फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, रेंज नसली की हात उंच करून उभा राहायचा. "बघतील लेकाचे," म्हणाला. पी हळद अन् हो गोरी, असा सगळा कारभार.

गवत संपून मोकळी काळी माती लागली तशी त्याची बडबड थांबली. मग तो आमच्या बरोबरीने चालायला लागला, मग मागे. डोकं धरून एकदा बसला. पाणी प्यायला, पुन्हा उठला. पाय घसरणाऱ्या सुट्या मातीच्या मोठ्या घसाऱ्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा तो एका दगडाशी वाकला आणि सकाळचा सगळा नाश्ता बाहेर पडला. मी पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं, रुमाल दिला. गाईडने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं, नाव-गाव विचारलं. मग मला म्हणाली, घाबरण्यासारखं नाही, पण वर न्यायचं नाही. खाली उतरलं की आपोआप बरं वाटेल. आपण परत जाऊ.

मी वर पाहिलं. शिखर इतकं जवळ होतं की तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या जॅकेटांचे रंग दिसत होते, एक लाल, एक पिवळं. ढगाचा ठिपका नाही. घसारा चढायचा, मग खडक, की पोचलो.

तेवढ्यात देवाने पाठवल्यासारखा वरून एक माणूस दोन प्रवाशांना घेऊन उतरताना दिसला. आमच्या गाईडचा मेव्हणा निघाला, तोही गाईड. त्यांचं आपसात स्पॅनिशमध्ये बोलणं झालं. मग ती आम्हाला म्हणाली, हा खालीच चाललाय. सर याच्याबरोबर केबल कारपर्यंत जाऊ शकतात, तिथे तो त्यांच्यापाशी बसेल. मग मी मॅडमना वर घेऊन जाते. पण सर तयार असतील तरच.

माझा जीव भांड्यात पडला. मी नवऱ्यापाशी उकिडवी बसले आणि म्हटलं, "जातोस ना यांच्याबरोबर? तासाभरात खाली पोचशील. मी पटकन जाऊन येते."

त्याने मान वर केली. "म्हणजे मी इथे मरतोय आणि तू वर जाऊन फोटो काढणार?"

"मरत नाहीयेस रे. ती काय म्हणाली ऐकलंस ना? खाली गेलं की बरं वाटेल."

"तिचं काय जातंय सांगायला? आणि तू काय डॉक्टर आहेस? तू फार्मसीत गोळ्या मोजतेस."

असा राग आला मला! असं वाटलं, तिथेच त्याला ठेवावं आणि चालायला लागावं. पण मग त्याचा आवाज एकदम उतरला. माझ्या जॅकेटची बाही धरून म्हणाला, "अनोळखी माणसाबरोबर नको गं पाठवूस. काही झालं तर? तू असलीस की बरं वाटतं. एवढं नाही करणार माझ्यासाठी?"

दोन्ही गाईड बाजूला उभे होते. भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते न कळायला ते काही दुधखुळे नव्हते. बाई मला हळूच म्हणाली, "यू डिसाइड, मॅडम."

मी काय ठरवलं ते उघडच आहे. प्रेमापोटी उतरले असं सांगायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला ट्रॉय दिसलं. लाखात एखाद्या वेळी का होईना, त्याला काही झालं असतं तर जन्मभर प्रत्येक दिवाळी-पार्टीत माझ्या पाठीमागे कुजबुज झाली असती, हीच ती, नवऱ्याला डोंगरात टाकून फोटो काढायला गेली होती. त्या कुजबुजीला मी घाबरले. उठले, सॅक पाठीवर घेतली आणि म्हटलं, चला खाली.

उतरताना मी मागे वळून बघितलं नाही. गवतात पोचलो तेव्हा याचा चेहरा खुलला होता. केबल कारपाशी आलो तोवर भूकही लागली. तिथल्या कॅफेत बटाट्याचं चीज घातलेलं सूप मिळतं, ते त्याने दोन वाट्या ओरपलं आणि वर म्हणाला, "बघ, बरं झालं ना आलो? वर काय असतं गं? दगडच!" गाईडने निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, पुन्हा या. मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होते? गुडघ्याचं तिला कुठे सांगत बसू?

ट्रॉयला आल्यावर मी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. त्याला टोचून बोलले नाही, मुलीला फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, माणूस आजारी पडला, लाज वाटत असेल त्यालाही, कशाला उगाळा? इतकी मी शहाणी!

दोन आठवड्यांनी तीस वर्षांनिमित्त घरी सत्यनारायण घातला होता. मुलगी बेलव्ह्यूहून आली. रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. मी स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा उतरवून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर सोफ्याभोवती घोळका आणि मध्ये नवरा, सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं टाकून गोष्ट सांगतोय.

"...समोर शिखर! वरची माणसं दिसतायत, इतकं जवळ. आणि हिचा चेहरा पांढराफटक. एका दगडाशी वाकली ती सगळं बाहेर. तिकडून दुसरा गाईड येत होता. आमची गाईड मला म्हणते, सर, तो मॅडमना खाली नेईल, तुम्ही चला वर. पण ही माझी बाही सोडेना! म्हटलं, बाई, शिखर काय, कुठे पळून जातंय? तीस वर्षांची बायको आहे. उतरलो खाली."

ट्रे माझ्या हातात तसाच राहिला. काहीच बदललं नव्हतं त्याने. दगड तोच, दुसरा गाईड तोच, बाहीसुद्धा तीच. फक्त माणसांची अदलाबदल केली होती. अहो, बनवून सांगायचं तर काही स्वतःचं तरी बनवायचं! दोन आठवडे हा ते मनातल्या मनात घोळवत असणार, आणि मला वाटत होतं त्याला लाज वाटतेय.

"वा, मानलं बुवा!" एकजण म्हणाला. त्याची बायको त्याला कोपर मारून म्हणाली, "शिका काहीतरी." आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकू, आमच्याच गल्लीत राहतात, त्या माझ्याकडे वळून मायेने म्हणाल्या, "अगं, असा हट्ट करू नये या वयात. नशीब, नवरा समजूतदार आहे."

मी ट्रे ठेवला. "काकू, उलटी मला नव्हती झाली. याला झाली होती. मी चांगली होते. याच्यासाठी मी उतरले."

सगळे त्याच्याकडे वळले. मग नवऱ्याने माझ्याकडे असं काही लाडाने पाहिलं, लहान मुलीकडे बघतात तसं, आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "बरं बाई, मला झाली. मीच आजारी पडलो. झालं समाधान?"

काय हशा पिकला! जो तो हसतोय. मी म्हणाले, "हसू नका, खरं सांगतेय," तर अजून हसले. माझा आवाज चढला होता, आणि जितकी मी चिडत होते तितकी त्याची गोष्ट खरी ठरत होती. खरं बोलणारा माणूस इतका वेडा दिसू शकतो हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

मुलीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं, ही तरी विचारेल. हिला डोंगर माहीत आहेत, कोण कसं चढतं ते कळतं, मी जिने चढतानाचे व्हिडिओ हिलाच पाठवत होते. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मॉम, इट्स ओके. डॅडने मला तुम्ही परत येतानाच एअरपोर्टवरून सांगितलं होतं. अल्टिट्यूड कॅन हिट एनीवन. यू डोन्ट हॅव टु प्रूव्ह एनीथिंग."

तिच्या खांद्यावरून मला ओट्यावरचा शिरा दिसत होता. मी म्हटलं, "तुला माझ्यावर विश्वास नाही?" तर ती म्हणाली, "ऑफ कोर्स आय डू," आणि माझी पाठ थोपटली.

बाहेर गुरुजींची घाई चालली होती. ते आठवडाभर आयटीत नोकरी करतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात, दुपारी त्यांना पलीकडच्या नोव्हाय गावात दुसरी पूजा होती. आम्ही चौरंगासमोर बसलो, तो पाटावर, मी गुडघ्यामुळे बुटक्या स्टुलावर. गुरुजींनी त्याच्या हातावर पळीभर पाणी घातलं, अक्षता दिल्या आणि म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

हे मी तीस वर्षं करत आले. पूजा तो करतो, मी त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे ती दोघांनी केली असं होतं. मी हात मांडीवरच ठेवला.

"वहिनी, हात," गुरुजी पुन्हा म्हणाले.

नवरा ओठ न हलवता पुटपुटला, "काय तमाशा लावलायस? लाव की."

मी म्हटलं, "तू केलंयस ना सगळं? तूच कर."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. "असू दे, मनाने लावला असं समजू," म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू केला. म्हणजे माझ्या हातावाचून कुणाचं काही अडलं नाही. अशी पूजा अर्ध्यावर टाकून उठू नये म्हणतात. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने डोक्याला हात लावला असता. मी स्टुलाला रेटा देऊन उठले, गुडघा सरळ केला, पदर सावरला आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत जिन्याकडे निघाले. मंत्र थांबला. काकूंनी "अगं, काय झालं?" म्हणून हाक मारली. मी थांबले नाही.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळवा. "जाऊ दे तिला, पडू दे जरा. तिकडचा त्रास अजून गेलेला नाही तिचा."

आणि मुलगी म्हणाली, "आय नो, डॅड. मी बघते तिला."